पित्ती

गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास नांदेडहून भाचीचा फोन आला. इतक्या उशिरा माहेरचा फोन म्हटलं की छातीत धस्स होतं. पण ती रडत नव्हती, नुसती वैतागलेली होती. "फूफी, फिर उछली. पीठ पो, हातां पो, कान के पिच्छे बी."

काय उछललं, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरच्या दखनी बोलीत 'पित्ती उछलना' म्हणतात, बाहेर मराठीत अंगावर पित्त उठणं किंवा गांधी उठणं. (शाळेत एकदा मी सहकारी बाईंना "आज परत गांधी उठल्या" असं सांगत होते, तर दारात उभ्या असलेल्या चौथीच्या पोरानं वर्गात जाऊन जाहीर केलं होतं, की महात्मा गांधी उठले!) दोन्ही बोली माझ्याच, आणि आजारही माझाच. अकरा वर्षं मी तो अंगावर वागवला आहे. तरीही माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हाच :

"क्या खाई थी गे?"

विचारलं आणि जीभ चावली. या प्रश्नाचा मला किती संताप होता, हे माझं मला ठाऊक. पोरीनं मात्र शहाण्या मुलीसारखी यादी वाचली. अंडी बंद, मासे बंद, मटण बंद, वांगं बंद, शेंगदाणे, टमाटे, दही, मसूर, चिंच, तीळ, सगळं बंद. पाच महिने ती मुगाची खिचडी आणि ज्वारीची भाकरी खात होती. वजन सहा किलोनं उतरलं होतं. परभणीचं स्थळ ठरलेलं, निकाह हिवाळ्यात, आणि माझ्या वहिनीनं घरात ताकीद दिलेली, की यातलं अक्षरही परभणीला कळता कामा नये.

मी म्हटलं, "मी येते."

लातूर ते नांदेड एस.टी.नं तीन-साडेतीन तासांचा रस्ता. अहमदपूर येतं, लोहा येतं, दोन्हीकडे सोयाबीन आणि तूर. खिडकीशी बसल्यावर मला भाचीच्या आधी अम्मा आठवली.

इतवाऱ्यातल्या आमच्या जुन्या घराची मागची खोली अंधारी होती. महिन्या-दोन महिन्यांतून एखादे रात्री अम्मा त्या खोलीत जाऊन दार लोटून घ्यायची. सहाणेवर गेरू उगाळायची आणि हाता-पायांना, मानेला लावायची. मग एक खरखरीत घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसायची. लहानपणी मी एकदा दार ढकललं आणि आत लालभडक हातांची बाई पाहून किंचाळले. अम्मा म्हणाली, "मैंच हूँ गे." सकाळी सगळं जागच्या जागी. अम्मा चुलीपुढे, अंगावर एक डाग नाही.

हकीमसाहेबांनी तिला सांगितलं होतं, की याला युनानीत 'शरा' म्हणतात. दोन जाती, एक दमवी, म्हणजे रक्तातली, आणि दुसरी बलगमी, म्हणजे कफाची. सिकंजबीन दिलं होतं, सिरका आणि मधाचं, आणि वांगं वर्ज्य करायला सांगितलं होतं. गल्लीतल्या वैद्यांनी शीतपित्त म्हटलं, हरिद्राखंड दिलं, आणि वांगं वर्ज्य करायला सांगितलं. एवढ्या एका बाबतीत दोन्ही शास्त्रांचं एकमत होतं. बगारे बैंगन हा आमच्या घरचा लग्नाकार्याचा आणि ईदचा पदार्थ, आणि तो अम्माच्या हातचाच सगळ्यांना लागे. तिनं तो आयुष्यभर शिजवला. मीठसुद्धा दुसऱ्या कुणाला चाखायला लावायची. १९८७ साली ती गेली. शेवटची तीस वर्षं तिनं वांगं तोंडाला लावलं नव्हतं, आणि पित्ती शेवटपर्यंत उछलत होती. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात, असं आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. मीही त्यातच.

माझी पाळी आली ती भूकंपानंतर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. आमचं लातूरचं घर उभं राहिलं, पण भिंतीला बोट जाईल एवढी भेग गेली. त्या दिवसांत किल्लारीकडून जे ऐकू येत होतं, त्यापुढे आमच्या भेगेची गोष्ट सांगायचीसुद्धा लाज वाटे. कित्येक रात्री आम्ही अंगणात ताडपत्रीखाली काढल्या. तिथंच एका रात्री कमरेला, परकराची नाडी जिथं आवळते तिथं, खाज सुटली. मग लाल, फुगीर चकत्या. मध्ये फिकट, कडेनं लाल, हात लावावा तर गरम. तासाभरात मांडीवर, मग दंडावर. सकाळी उठून पाहते तर कमरेवरच्या गेलेल्या आणि पोटावर नव्या आलेल्या.

आधी सगळे म्हणाले, ताडपत्रीखालचा किडा. मग म्हणाले, भूकंपाची दहशत. मग गाजर गवत. सासूबाईंना नजर लागल्याची खात्री होती, त्यांनी मिरच्या ओवाळून टाकल्या. त्या बिचाऱ्या मायेनं करत होत्या, पण जळत्या मिरचीच्या धुरानं माझी खाज थांबायची नाही, फक्त खोकल्यापुढे ती आठवायची नाही. गाजर गवताचं सांगायचं तर त्याचा त्रास खोटा नाही. आमच्या भागात कितीतरी शेतकऱ्यांच्या मानेची, हातांची कातडी त्यानं जाड आणि काळपट झालेली पाहिली आहे. पण तो वेगळा आजार. तो दिवसेंदिवस एका जागी राहतो. पित्तीची चकती चोवीस तासांच्या आत जागा सोडते. हे मला फार उशिरा कळलं. तोपर्यंत माझी अडचण अशी, की दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अंगावर दाखवायला काही उरतच नसे. डॉक्टर गोऱ्यामोऱ्या कातडीकडे बघत आणि मग माझ्याकडे बघत.

शिक्षक-खोलीत तर या विषयावर परिसंवादच व्हायचा. एका बाईंनी खूप आपुलकीनं सांगितलं, "तुमच्यात मटण-मसाला जास्त ना, उष्ण पडतं ते. वर्षभर सोडून बघा." त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पोळी-भाजीच्या डब्यातलं अर्धं त्या रोज मला द्यायच्या. तरीही 'तुमच्यात' हा शब्द कानात राहिला. मी मटण सोडलं. ईर्षेनंच सोडलं म्हणा ना. १९९४ च्या मे महिन्यातल्या बकरीदला घरात कुर्बानी झाली, दहा घरी वाटे गेले, मी दिवसभर शिजवलं, वाढलं आणि स्वतः वरण-भात खाल्ला. त्या रात्री अशी पित्ती उछलली, की डोळे मिटण्याइतक्या पापण्या सुजल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचं एकच मत, "कल गोश्त खाई होएंगी." मी शपथ घेऊन सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. नवऱ्यानंही नाही.

पुढे कातड्याच्या डॉक्टरांच्या रांगेत बसू लागले, तेव्हा थोडी करमणूक झाली. शेजारी गळ्यात लिंग असलेल्या एक आजी होत्या, जन्मात अंडं शिवलेल्या नाहीत, आणि अंगभर गांधी. त्यांना दही आणि वांगं बंद होतं. पलीकडे एक माळकरी गृहस्थ, त्यांना तुरीची डाळ बंद. लातुरात राहायचं आणि वरण सोडायचं! ते म्हणाले, "ताई, आता फक्त हवा खायची राहिली."

मग एकानं गाव सांगितलं. गावाचं नाव लिहीत नाही, आणि औषध देणाऱ्याचंही नाही. पांढरी पुडी, सकाळ-संध्याकाळ. तिसऱ्या दिवशी अंग स्वच्छ! सहा महिने मी त्या माणसाला दुवा दिल्या. चेहरा गोल गरगरीत झाला, लोक म्हणू लागले, तब्येत सुधारली. मग साखर वाढली, पायऱ्या चढताना मांड्यांत बळ राहिना, आणि पुडी एक दिवस चुकली की पित्ती दुपटीनं. लातूरच्या एका डॉक्टरांनी चेहरा पाहूनच ओळखलं, की पुडीत स्टिरॉइड आहे. एकदम थांबवणं धोक्याचं, म्हणून त्यांनी महिनोन्‌महिने थोडं-थोडं कमी करत ते सोडवलं. अजूनही कुणी 'जादूचं औषध' म्हटलं, की मला माझा तो गोल चेहरा आठवतो.

खरा प्रश्न मला २००१ साली विचारला गेला. त्या फेब्रुवारीत जनगणना होती. शिक्षकांना घरोघर फिरायची ड्यूटी. उन्हात फिरून डोकं ठणकायचं आणि मी किराणा दुकानात मिळणारी डोकेदुखीची गोळी घ्यायची, कधी दिवसाला दोन. काम संपलं आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात बकरीदसाठी नांदेडला आले. ईदच्या रात्री परत दोन गोळ्या घेतल्या. तासाभरात गांधी उठल्या आणि मग वरचा ओठ सुजून नाकाला लागला. जीभ जड झाली. आवाज बदलला. भावानं ऑटोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं झाली. ती एक रात्र मी मरणाला भ्यायले, खोटं कशाला सांगू!

सकाळी कातडीच्या विभागातल्या एक तरुण डॉक्टर आल्या. वहिनी सवयीनं सांगू लागली, "कल ईद थी, गोश्त..." डॉक्टर मराठीत म्हणाल्या, "खाण्याचं नंतर बोलू. बाई, गेल्या दोन दिवसांत गोळ्या कुठल्या घेतल्या?"

सात-साडेसात वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. डोकेदुखीची गोळी मी औषधात धरतच नव्हते.

त्यांनी जे समजावलं आणि मी पुढे वाचून-विचारून जे जाणलं, ते इथं सांगते. आपल्या कातडीत मास्ट पेशी नावाच्या पेशी असतात. एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं १८७८ मध्ये त्यांना हे नाव दिलं. त्यांच्या पोटात हिस्टामीनच्या पुरचुंड्या भरलेल्या असतात. पुरचुंडी फुटली, की बारीक रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातलं पाणी कातडीत झिरपतं. तीच गांध. यात पोटातल्या पित्ताचा काही संबंध नाही. 'पित्त' हे नाव ऐकून आम्लपित्ताच्या गोळ्या गिळणारे कितीतरी भेटतात. एखाद्या दिवशी अचानक उठलेली पित्ती माशानं, अंड्यानं, शेंगदाण्यानं, एखाद्या औषधानं किंवा तापाच्या साथीनंही असू शकते. खाण्याची असेल तर ती बहुधा तास-दोन तासांत उठते, आणि तोच पदार्थ खाल्ला की दर वेळी उठते. तो पदार्थ सोडावाच. पण सहा आठवड्यांहून जास्त दिवस, जवळजवळ रोज उठणारी जी जुनाट पित्ती, तिचं मूळ खाण्यात क्वचितच सापडतं. पुष्कळांच्या बाबतीत शरीराची संरक्षण-यंत्रणाच आपल्या मास्ट पेशींवर उलटते. लंडनमधल्या माल्कम ग्रीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातली अशी द्रव्यं दाखवून दिली ती १९९३ साली. मी ताडपत्रीखाली मिरच्यांच्या धुरात बसले होते, त्याच वर्षी. बायकांना हा आजार पुरुषांच्या दुप्पट होतो. थायरॉइडचा विकार त्याच्याबरोबर पुष्कळदा आढळतो. माझ्या रक्तात तोही निघाला. थायरॉइडच्या गोळीनं पित्ती जातेच असं नाही, पण मला सतत येणारा थकवा त्यामुळे उतरला.

आणि दुखण्यावरच्या गोळ्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी जुनाट पित्तीच्या चारांतल्या एकाची तरी पित्ती भडकते. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. मला दोन्ही वेळा, १९९४ च्या ईदला आणि २००१ च्या, दिवसभर चुलीपुढे राबून डोकं दुखलं होतं. दोन्ही वेळा गोळी घेतली होती. मटण न खाता ठपका मटणावर आला, आणि गोळी पदराच्या गाठीत सुखरूप राहिली.

माझी आपली समजूत, अम्माचंही तसंच असणार. तिचे गुडघे दुखायचे. मुलगा मिलवर्करच्या दवाखान्यातून गोळ्या आणून द्यायचा. आता कुणाला विचारणार!

उपचार अगदी साधा निघाला. रोज रात्री सेटिरिझिनची एक गोळी. गांधी उठल्यावर नव्हे, उठू नयेत म्हणून रोज. मी आधी अव्हिल घ्यायचे ती उठल्यावर, आणि मग वर्गात पेंगायचे. रोजची एक गोळी पुरली नाही, तर डॉक्टर ती वाढवतात. आपण होऊन वाढवू नये. तरीही न जुमानणाऱ्या पित्तीसाठी २०१४ पासून ओमॅलिझुमॅब नावाचं महिन्याचं इंजेक्शन आलं आहे, पण ते महाग. रमजानात मला अडचण पडली नाही. गोळी इफ्तारनंतर घ्यायची. ज्यांना दिवसातून दोनदा लागते, त्यांनी दुसरी सहरीला घ्यावी. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलायची मुभा आहेच, पण आपल्याकडच्या बायका ती मुभा नवऱ्याला सांगतात, स्वतःला नाही. तीन वर्षं गोळी चालली. २००४ मध्ये हळूहळू सुटली, आणि पित्तीही आली तशी निघून गेली. पुष्कळांची दोन ते पाच वर्षांत जाते. माझी अकरा वर्षं राहिली.

घरगुती उपायांना मी नावं ठेवणार नाही. ते मी अजून करते, फक्त कशासाठी ते आता माहीत आहे. आमसूल भिजवून त्याचं गार पाणी अंगाला लावलं की बरं वाटतं. बरं वाटतं ते निदान अर्धं तरी गारव्यानं. साध्या माठातल्या पाण्याची ओली घडीही तेच करते. दुकानात मिळणारं गुलाबी कॅलमाइन लोशन तेच करतं. गेरू अंगाला लावला तर गार लागतो, पण काही घरांत तो गुळात घालून खायला देतात, ते करू नये. माती ती माती. तिच्यात काय मिसळलं आहे, कोण सांगणार! घोंगडीचं मात्र जपून. थंड वाऱ्यानं किंवा गार पाण्यानं ज्यांची पित्ती उठते, त्यांना उबेनं आराम पडतो. पण घामानं, उन्हानं किंवा घासल्यानं ज्यांची उठते, त्यांना घोंगडी म्हणजे विस्तवावर फुंकर. मी दुसऱ्या जातीची. नांदेडच्या त्या डॉक्टरांनी पेनाच्या टोपणानं माझ्या हातावर रेघ ओढली, तर पाच मिनिटांत ती रेघ दोरीसारखी फुगून वर आली! म्हणून मग मी नाडी सैल केली, बांगड्या कमी केल्या, नखं कापली, आणि नायलॉनचा काळा बुरखा देऊन सुती शिवून घेतला. मे महिन्यात लातुरात नायलॉन घालून फिरणं पित्ती नसलेल्यालाही कठीण. सासूबाईंनी कापड हाताळून पाहिलं आणि स्वतःसाठीही एक शिवायला टाकला.

दोन गोष्टी मात्र घरी निस्तरायच्या नसतात. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, गरगरणं झालं तर तडक दवाखाना. आणि एकाच जागी दिवसभराहून जास्त राहणारी, खाजेपेक्षा दुखणारी, जाताना काळानिळा डाग ठेवणारी चकती वेगळ्या आजाराची असू शकते, ती डॉक्टरांना दाखवावी.

हे सगळं मी भाचीला एस.टी.तून उतरल्यावर त्याच दिवशी सांगितलं नाही. पोरगी थकलेली होती. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. तिच्या पाकिटात पाळीच्या दुखण्यासाठीच्या गोळ्यांची पट्टी होती, ती मीच टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती बाजूला सारली, रोजची गोळी लिहून दिली, रक्त तपासायला सांगितलं, आणि खाण्याची यादी वाचून हसले. "यातलं काहीच बंद करायची गरज नाही," म्हणाले. वहिनीला ते पटलं नाही. एवढ्या शिकलेल्या डॉक्टरनं पथ्य सांगू नये, म्हणजे काय!

तीन आठवड्यांनी मी परत गेले. गांधी कमी झाल्या होत्या, गेल्या नव्हत्या. शुक्रवार होता. मी अम्माच्या जुन्या पातेल्यात बगारे बैंगन टाकले. शेंगदाणे, तीळ, खोबरं, चिंच भाजून-वाटून, म्हणजे पोरीच्या यादीतलं जवळजवळ सगळंच. सोबत बगारा खाना. भाचीनं पहिला घास हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मग खाल्ला. मग दुसरं वांगं मागितलं. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिच्या हातांकडे बघत होती.

रात्री कोपरावर दोन उठल्या. आदल्या रात्री तीन होत्या. आम्ही मोजत बसलो होतो, तेवढ्यात परभणीहून होणाऱ्या सासूचा फोन आला, कपड्यांच्या मापासाठी. पोरीला काय वाटलं कोण जाणे, आईकडे न बघता तिनं सरळ सांगून टाकलं, की मला पित्ती उछलते, औषध चालू आहे. वहिनीनं कपाळावर हात मारला. पलीकडून क्षणभर काही आलं नाही. मग मोठ्या, काळजीच्या आवाजात, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असा प्रश्न आला :

"अगे, क्या खाई थी?"

भाचीनं माझ्याकडे पाहिलं.

"बगारे बैंगन," ती म्हणाली.